मंगळवारच्या नोंदी

आमची थोरली कुत्री गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि घरात धाकटी कुत्री आहे. ते नाव कानावर पडलं की ती अजून उठून दाराकडं बघते.

थोरली काळी होती, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. पडेगावला आम्ही रो-हाऊस घेतलं त्या वर्षी समोरच्या अर्धवट बांधकामाच्या वाळूत ती सापडली. घरी आणून पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिला रक्ताची हगवण लागली. शेजारणीनं सांगितलं, मागच्या गल्लीत जनावरांचे एक डॉक्टर आहेत, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले. टॉवेलात गुंडाळून तिला घेऊन मी चालतच गेले.

डॉक्टरांची निम्मी नोकरी वैजापूरला आणि निम्मी कन्नडला, गाई-बैलांत गेलेली. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दवाखाना मांडला होता. एक स्टीलचं टेबल, एक काचेचं कपाट, भिंतीवर गाईच्या पोटाचे चार कप्पे दाखवणारा पिवळा पडलेला तक्ता. कुत्री-मांजरी ते रिटायर झाल्यावरच जास्त बघायला लागले, तरी त्यांचा हात हलका होता. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांनी त्या मूठभर पिल्लाला सलाईन लावलं. पाचव्या दिवशी तिनं शेपूट हलवलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

ती वही लांबट, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक जनावराचं वेगळं पान. मी एका अनुदानित शाळेत लिपिक आहे, त्यामुळं कुणी नीट नोंदी ठेवतो हे पाहिलं की मला त्या माणसाबद्दल आपोआप विश्वास वाटतो. नऊ वर्षं तो विश्वास टिकला. थोरलीला मात्र त्या टेबलाची भयंकर भीती होती. ती कधीच आपण होऊन त्यावर चढली नाही. दरवेळी मी पुढचे पाय आणि डॉक्टर मागचे पाय धरून तिला वर ठेवायचो.

मागच्या वर्षी उन्हाळा लागताना तिला गोचीड ताप आला. खाणं सोडलं, डोळे पिवळट झाले. पहिल्या दिवशी तिला माझे मिस्टर घेऊन गेले. ते वाळूजला कंपनीत आहेत, त्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी होती, म्हणून कंपनीतून आल्या आल्या ते तिला घेऊन गेले. परत आले तेव्हा मी बहिणीशी फोनवर बोलत होते. ते दारातून काहीतरी म्हणाले. मी मान हलवली. मला ऐकू आलं ते एवढंच की उद्या परत बोलावलंय.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. मिस्टर पाइप घेऊन गच्चीवर, टाक्या भरण्यात. मी रिक्षा बोलावली आणि थोरलीला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मला विचारलं, "काल इंजेक्शन दिलं होतं का हिला?"

मी म्हणाले, "नाही. काल नुसतं तपासलं होतं."

हे वाक्य मी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मला तसं वाटलं आणि मी तसं सांगितलं. वही त्यांच्या हाताशी होती. त्यांनी ती उघडली नाही. कपाटातून बाटली काढली, पिवळं औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि तिच्या मांडीत दिलं.

सोमवारी ती भिंतीला डोकं टेकून उभी राहायला लागली. मंगळवारी सकाळी एकाच बाजूला गोल गोल फिरत होती, पाय लाकडासारखे ताठ. मी शाळेत रजा सांगितली. डॉक्टरांच्या टेबलावर सलाईन चालू असताना, साडेअकराच्या सुमाराला ती गेली. "ताप डोक्यात गेला, ताई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो हात तसाच ठेवला.

दौलताबाद रोडला दिरांचा मोकळा प्लॉट आहे. तिथं आम्ही तिला पुरलं. मिस्टरांनी त्रिसरण म्हटलं. खड्डा भरून झाल्यावर धाकटी त्या मातीपासून दूर, रस्त्याच्या कडेला जाऊन बसली आणि आम्ही निघेपर्यंत पाठ करून बसून राहिली.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. मिस्टरांचं म्हणणं होतं, डॉक्टर बदलायचे.

"माणूस चांगलाय, नाय म्हणत नाय मी," ते जेवताना म्हणायचे. "पण लई थकलेत. परवा मला विचारत होते, तुमची बदली झाली का म्हणून. मी काय सरकारी नोकरीत हाय का?"

"नऊ वर्षं सांभाळली त्यांनी तिला," मी म्हणायचे.

"व्हय. आणि दहाव्या वर्षी काय झालं?"

डॉक्टर बदलणं म्हणजे त्यांच्यामुळं ती गेली असं म्हणणं, असं मला वाटायचं. आणि तसं म्हणायला माझ्याकडं काही आधार नव्हता. धाकटी ठणठणीत होती, त्यामुळं निर्णय घ्यायची घाईही नव्हती.

मग डॉक्टरांचा फोन आला. ती जाऊन तीन आठवडे झाले होते. मी शाळेत होते, शेवटचा तास चालू होता.

"ताई, येत्या मंगळवारी जरा लवकर आणा. कानामागची गाठ बघायचीय."

धाकटीला गाठ नव्हती. मी विचारलं, "कुणाची?"

"थोरलीची," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, कामातला. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

थोरलीच्या डाव्या कानामागं हरभऱ्याएवढी गाठ होती, हे खरं होतं. मी स्वतःला समजावलं की जुनी आठवण आली असेल, माणूस वयस्कर आहे. मिस्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता आणि मला तो असा मिटायला नको होता.

जूनमध्ये धाकटीच्या रेबीजच्या इंजेक्शनची वेळ आली. मी ठरवलं, एकदा जाऊन बघू. दुपारी चारला गेले. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. पंखा हळू फिरत होता. डॉक्टरांनी धाकटीला इंजेक्शन नीट दिलं, बाटलीवरचं लेबल वाचून मला दाखवलं, तारीखही सांगितली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ते खुर्ची मागं सारून दाराच्या कोपऱ्याकडं वळले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "तू का तिथं? ये. आज काही टोचत नाही तुला."

त्या कोपऱ्यात काही नव्हतं. पायपुसणं होतं आणि छत्री. थोरली नेहमी त्याच कोपऱ्यात अंग चोरून बसायची, एवढंच. पण डॉक्टर बोलले आणि माझ्या पायाशी बसलेली धाकटी उठली, दोन पावलं मागं सरकली. येणाऱ्याला वाट द्यावी तशी. मग परत बसली.

मी पट्टा ओढून बाहेर पडले. ऊन होतं, समोरच्या डेअरीत लोक दूध घेत होते. घरी येईपर्यंत मी एकदाही धाकटीकडं पाहिलं नाही. संध्याकाळी मिस्टरांना म्हणाले, "बदलू डॉक्टर."

का, असं त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी शहरातल्या एका नव्या दवाखान्याचा पत्ता आणला.

नवा दवाखाना काचेच्या दाराचा होता, थंडगार. डॉक्टरीण तिशीच्या आतली असेल. तिनं धाकटीशी आधी ओळख करून घेतली, जमिनीवर मांडी घालून. सगळं तपासून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, जुना रेकॉर्ड आहे का? आधी कोणती इंजेक्शनं झालीत, ताप येऊन गेला का, कोणत्या औषधाचा त्रास झाला का. तेवढं मिळालं तर बरं होईल. नुसत्या फोटोवर पण चालेल."

म्हणजे परत तिकडं जाणं आलं. मी महिनाभर टाळलं. शेवटी एका रविवारी दुपारी गेले. डॉक्टर जेवून आडवे झाले असतील, काकूंकडून वही मागून दोन फोटो काढायचे आणि निघायचं, असा माझा बेत होता.

काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. कमी बोलणाऱ्या. दवाखान्याचं आतलं दार उघडून त्यांनी मला खुर्ची दिली, वही टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेल्या. धाकटीचं पान लगेच सापडलं. फोटो काढले. त्याच्या अलीकडचं पान थोरलीचं. मी ते उलटवायला नको होतं, पण उलटवलं.

खालच्या निम्म्या पानावर ती गेली त्या आठवड्याच्या नोंदी होत्या. शनिवारची नोंद, इंजेक्शनचं नाव, किती दिलं ते. त्याखाली रविवारची नोंद. तेच नाव, तेवढंच माप. त्याखाली मंगळवार, सलाईन. आणि त्यापुढं काही नसायला हवं होतं.

पण पान भरलेलं होतं. पानाची मागची बाजूही भरलेली होती. दर मंगळवारची एक नोंद.

"वजन कमी झालंय. खाणं बरं."

"नखं वाढली होती. कापली."

"उजव्या मागच्या पायात कुसळ. काढलं. चावली नाही."

"गाठ आहे तेवढीच."

शाळेत मी वीस वर्षं हजेरीपट पाहतेय. न आलेल्या मुलांच्या हजेऱ्या भरलेल्या पटकन ओळखू येतात. त्या सगळ्या एकसारख्या असतात, एका बैठकीत, एका शाईनं भरलेल्या. या नोंदी तशा नव्हत्या. शाई बदललेली, अक्षर कधी घाईचं, कधी निवांत. एका ठिकाणी ओल्या बोटाचा डाग. समोर जनावर असल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

एक नोंद होती: "आज टेबलावर आपण होऊन चढली." ती मी दोनदा वाचली.

खालून दुसरी नोंद दोन आठवड्यांपूर्वीची होती. "ताप नाही. मालकीण दारातच थांबली, आत आली नाही. हाताला पट्टी आहे. विचारलं नाही."

दोन आठवड्यांपूर्वी कुकरच्या वाफेनं माझा उजवा हात भाजला होता. आठवडाभर पट्टी होती. त्या मंगळवारी मी शाळेतून थेट घरी गेले होते. निदान मला तरी तसंच आठवतं. दवाखान्यासमोरच्या डेअरीतून मी दूध घेतलं असेल, खिडकीतून त्यांनी पाहिलं असेल, हा विचार मला नंतर सुचला. त्या खुर्चीत बसले असताना सुचला नाही. तिथं मला एवढंच वाटत होतं की मी खरंच आले तर नव्हते ना.

काकू चहा घेऊन आल्या. वही उघडी बघून म्हणाल्या, "सापडलं का? तसं तुम्हाला माहीतच असेल की सगळं, दर मंगळवारी येता तुम्ही."

मी म्हणाले, "काकू, मी जूनपासून आलेले नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "असं कसं? मंगळवारी दुपारी हे पुढचं दार लोटून घेतात. आत बोलणं चालतं. मला वाटतं तुम्ही असता."

"कुणाचं बोलणं?"

"ह्यांचंच." त्यांनी पुढच्या दाराकडं पाहिलं. "आणि मध्ये मध्ये थांबतात, समोरचं माणूस बोलत असल्यासारखं."

मी त्यांना सांगितलं की थोरली मार्चमध्ये गेली. त्यांना ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. काकू वहीपाशी आल्या, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. मग पदरानं टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छच होतं.

"भाजीत मीठ दोनदा घालायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, वय झालं. मागच्या महिन्यात स्कूटर घेऊन गेले ते छावणी भागात सापडले, एकाला वैजापूरचा रस्ता विचारत होते. ड्यूटीवर निघालो म्हणे. मुलाला कळवलं नाही मी. तो पुण्याहून धावत येईल आणि दवाखाना बंद करा म्हणेल. दवाखाना बंद केला तर हे काय करतील दिवसभर?"

माझं बोट अजून त्या पानावर होतं, शनिवार आणि रविवारच्या नोंदींवर. मी ते काढून घेतलं आणि वही मिटली. काकूंना त्या दोन ओळींचा अर्थ कळला होता की नाही, कुणास ठाऊक. चाळीस वर्षं जनावरांच्या डॉक्टरांबरोबर काढलेल्या बाईला कळला असणार. त्यांनी मिटलेली वही आपल्याकडं ओढून घेतली.

आतल्या खोलीतून पावलं वाजली. डॉक्टर दारात आले. नुकतेच उठलेले, बंडीवर शर्ट अडकवलेला. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"ताई, आज मंगळवार नाही," ते म्हणाले.

"नाही, डॉक्टर. जरा काम होतं."

ते माझ्या मागं, बाहेरच्या दाराकडं बघत होते. "मग तिला बाहेर का ठेवलं? ऊन लागतंय तिला. घ्या आत."

मी काकूंकडं पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मी उठले आणि बाहेरचं दार उघडलं. बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. एक कुत्री आत यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ मी दार धरून उभी राहिले. मग लावून घेतलं. मी मागं वळले तेव्हा डॉक्टर समाधानानं खुर्चीत बसत होते.

रात्री मिस्टरांना मी निम्मं सांगितलं. डॉक्टरांना विसर पडतोय, गेलेली थोरली अजून येतेय असं त्यांना वाटतं, एवढं. त्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे आपलं चुकलं नाय, डॉक्टर बदललं ते." मी "हो" म्हणाले. दोन इंजेक्शनांचं सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर रविवारी डॉक्टरांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगावं लागलं असतं.

काकूंनी मुलाला कळवलं. तो आला, तपासण्या झाल्या, दवाखान्याची पाटी उतरली. औषधांचं कपाट रिकामं केलं. पण टेबल आणि वही ठेवावी लागली. मंगळवारी दुपारी डॉक्टर तयार होऊन बसायचे आणि कुणी आलं नाही की चिडायचे, रडायचे, गल्लीत शोधायला निघायचे. काकूंचा मला फोन आला. "एखाद्या मंगळवारी याल का? नुसतं बसायला. मला मागवत नाही, पण मागते."

धाकटीला आता त्यांच्याकडं न्यायचं नाही, हे ठरलं होतं. मी एकटी गेले. तीन मंगळवार गेले. मिस्टरांना सांगितलं की शाळेत ऑडिटचं काम आहे.

पहिल्या दोन वेळी काही अवघड गेलं नाही. डॉक्टर टेबलापाशी उभे राहायचे, हात चालायचे, मी खुर्चीत. ते विचारायचे, "पाणी पिते का?" मी म्हणायचे, "पिते." ते वहीत लिहायचे. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी निघताना मला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच मला नंतर भीती वाटली. त्या दिवशी गल्लीतून चालताना माझा डावा हात किंचित पुढं होता. पट्टा धरल्यासारखा. कोपऱ्यावर आल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी कानाला स्टेथोस्कोप लावला. टेबलापासून वीतभर वर, जिथं तिची छाती आली असती तिथं, डावा तळहात उताणा धरला होता, आणि त्या तळहातावर स्टेथोस्कोपची चकती टेकवली होती. डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी नळ्या कानातून काढल्या आणि माझ्याकडं धरल्या. "ऐका. एकदम चांगलं चाललंय."

मी उठून नळ्या कानाला लावल्या. आधी नुसती घरघर, पंख्याची असेल. मग ठोके ऐकू आले. बारीक आणि भरभर. माणसाचे ठोके इतके भरभर नसतात. मी उभी होते, घाबरलेली होते, ते माझेच असतील. दुसऱ्याच्या तळहातावर टेकवलेल्या चकतीतून स्वतःचे ठोके कसे ऐकू येतील, ते मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही. मी ते ऐकत राहिले. काढून टाकावंसं वाटलं नाही.

नळ्या खाली ठेवल्या आणि जे विचारायचं नाही असं ठरवून आले होते तेच विचारलं. "डॉक्टर, गोचीड तापाचं ते पिवळं इंजेक्शन. ते लागोपाठ दोन दिवस देतात का?"

"छे," ते म्हणाले. आवाज एकदम खणखणीत, वैजापूरच्या दवाखान्यात शोभला असता असा. "एकदाच. दुसऱ्या दिवशी परत दिलं तर मेंदूवर जातं. जनावर गोल फिरतं, ताठ होतं, मरतं. कन्नडला असताना एका नव्या डॉक्टरनं असं केलं होतं, मी त्याला दवाखान्याबाहेर काढला होता."

मग ते टेबलाकडं बघत राहिले. त्यांचा डावा हात अजून वर होता, तो हळूहळू खाली आला आणि स्टीलवर टेकला.

"कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मला विचारलं होतं, आदल्या दिवशी दिलंय का म्हणून. मी नाही म्हणाले."

ते माझ्याकडं बघत होते. त्या वेळी त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. टेबल रिकामं आहे, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. त्यांनी वही ओढली, थोरलीचं पान काढलं, चष्म्यातून त्या दोन ओळी वाचल्या. पेन उघडलं. मला वाटलं आता काहीतरी लिहितील, पण पेन तसंच धरून बसले. पाच मिनिटं गेली असतील. मग मान वर करून म्हणाले, "ताई, तिला आत घ्या. केव्हाची दारात उभी आहे."

मी दार उघडलं नाही. काकूंना हाक मारली, त्यांच्या हातात वही दिली आणि घरी आले. परत गेले नाही.

दिवाळीनंतर मुलानं दोघांना पुण्याला नेलं. निघायच्या आधी काकूंचा फोन आला. घर भाड्यानं देणार, सामान आवरणं चाललंय, वह्या रद्दीत घालायच्यात. "तुमचं पान फाडून ठेवू का?" मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी पण तेच म्हणत होते." आवाजात राग नव्हता. डॉक्टर मंगळवार विचारतात का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, आता नाही, आता वार कळत नाहीत.

धाकटी नव्या डॉक्टरीणबाईंकडं जाते. टेबलावर आपण होऊन चढते. या पावसाळ्यात तिलाही एकदा ताप आला, तोच. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन हातात घेतलं तेव्हा मी त्यांना थांबवलं, बाटलीचा फोटो काढला, दिल्याची वेळ कागदावर लिहायला लावली. त्या जरा चकित झाल्या. मग मी त्यांना थोरलीचं सगळं सांगितलं. शनिवार, रविवार, जुन्या डॉक्टरांनी विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. पहिल्यांदाच कुणाला तरी.

त्यांनी ऐकून घेतलं. "डॉक्टरांनी वही बघायला हवी होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही घरी विचारायला हवं होतं."

"हो."

त्यांनी ते तितक्याच सरळपणे म्हटलं, म्हणून मला त्या आवडल्या. मग विचारलं, "त्यांना कळलं होतं का कधी?"

"एकदा," मी म्हणाले. "पाच मिनिटं."

मिस्टरांना अजून माहीत नाही. ते अजूनही अधूनमधून म्हणतात की आपण डॉक्टर वेळेत बदलले नाहीत, म्हणून ती गेली. मी ऐकून घेते. हे लिहून झालं की ही पानं त्यांना वाचायला देणार आहे. उद्या त्यांना सुट्टी आहे.